आधी वाचीन, मग व्हय म्हणीन

दत्तबाब खोकले की समजायचं, आता ते नाही म्हणणार. एकदा खोकले तर विचार करून नाही, दोनदा खोकले तर विचार न करताच नाही. रुद्रेश "टेक्निकली" म्हणाला की त्यापुढचं वाक्य त्याचं त्यालाही पुरतं कळलेलं नाही असं धरून चालायचं. आणि सगुणकाकांनी बोलण्याआधी मिशीवरून बोट फिरवलं तर सरळ उत्तर येत नाही, आधी त्यांच्या मेव्हण्याची एखादी गोष्ट येते.

गौरवीला हे सगळं पाठ होतं. डिचोलीच्या शेट्यांची ही पोर, कान लहानपणापासून मांजराचे. बाजारात दोन बायका भांडल्या तर घरी येऊन ती दोघींचं भांडण एकटीने भांडून दाखवायची, आणि मध्ये पडलेल्या भाजीवाल्याचंही काम करायची. लग्न होऊन सुर्ल्याला गेली तरी खोड गेली नाही. सासरी पहिल्याच आठवड्यात तिने सासऱ्यांची जांभई करून दाखवली, आणि सासरे इतके हसले की त्यांना खरीच जांभई आली.

पण दत्तबाबांच्या तुयेच्या कारखान्यात, जिथे ती कामाला होती, नकलांमध्ये तिला भारी असा एक जण होता, आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

तुषार परब, हळर्णचा. चार वर्षांचा असताना ताप डोक्यात गेला आणि उतरताना कान घेऊन गेला. पुढे तो घरापासून लांबच्या एका शाळेत शिकला, मग डिप्लोमा केला, आणि आता दत्तबाबांच्या प्रत्येक नव्या यंत्राचा आराखडा त्याच्याच हातून उतरायचा. कानामागे लावायचं मशीन होतं त्याच्याकडे, पण त्यातून मोटारीची घरघर तेवढी पोचायची, माणूस नाही. म्हणून ते मशीन बहुतेक वेळ खिशात असायचं. कुणी तोंडासमोर उभं राहून सावकाश बोललं तर ओठांवरून थोडंफार कळायचं. सगुणकाकांचं मात्र काहीच नाही, कारण मिशी. बाकी सगळं फोनवर लिहून. आणि लिहायचा ते स्वच्छ पुस्तकी मराठी, कारण घरची, गावची बोली त्याच्या कानावर पडायला कानच नव्हते. "मला भूक लागलेली आहे. आपण भजी-पाव खाण्यास जाऊया का?" असं तो लिहून समोर धरायचा, आणि गौरवीला वाटायचं, रेडिओवरच्या बातम्या जेवायला बोलावतायत.

नकला मात्र तो अंगाने करायचा. दत्तबाब दारातून आत येतात तेव्हा आधी पोट येतं, मग चष्मा येतो, मग दत्तबाब येतात. तुषार उठून दारातून नुसता तसा आत आला की सगळी खोली खाली माना घालून खिदळायची. रुद्रेश विचारात पडला की कानातलं पेन काढतो, बघतो, परत कानात खोचतो. तुषारने ते केलं की रुद्रेशचा हात आपोआप कानाकडे जायचा. गौरवीच्या पोटात बाळ आल्यापासून ती खुर्चीत बसताना आधी खुर्चीला हात लावून तिची परवानगी घेतल्यासारखं करायची. तेही त्याने करून दाखवलं, तिच्या तोंडावर.

कारखान्यात बनायचं ते विजेवर नारळ खोवायचं यंत्र. आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसून खोवताना बायकांचे गुडघे जातात, तर ओट्यावर उभं राहून खोवा, अशी दत्तबाबांची साधी कल्पना, आणि ती चालली. दोन वर्षांपूर्वी ते बंगळूरला एका प्रदर्शनाला गेले आणि येताना एक शब्द घेऊन आले: प्रॉडक्ट टीम. आल्या आल्या त्यांनी चौघांना काचेच्या खोलीत बसवलं. यंत्राच्या आतलं बघायला रुद्रेश, बाहेरचं रूप काढायला तुषार, कारखान्यातल्या जोडणीतलं सगळं ठाऊक म्हणून सगुणकाका, आणि चौघांत मॅनेजर गौरवी. म्हणजे पुढच्या यंत्रात काय बदलायचं, काय नाही आणि काय आधी, हे सगळ्यांकडून ठरवून घ्यायचं. सुर्ल्याची सासू शेजारणीला सांगायची, "आमच्या सुनेचां काम सोपां नाय हां. लोकांकडसून व्हय म्हणून घेवचां लागता."

आता ठरवायचं कुठे? काचेच्या खोलीत फळा होता, टेबल होतं, एसी होता. पण खरं सगळं ठरायचं फाटकाबाहेरच्या गाड्यावर. गाड्यावरची पातळ भाजी, पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, सकाळीच टाकलेले पाव, आणि उभ्याउभ्या बोलणं. दत्तबाब एका बाजूला तोंड करून बोलणार, रुद्रेश तोंडात घास ठेवून बोलणार, सगुणकाका मिशीतून बोलणार. पाव संपायच्या आत यंत्राची मूठ बदललेली असायची. तुषार मध्ये उभा राहून एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचा, आणि तो बघेपर्यंत बोलणं तिसरीकडे गेलेलं असायचं.

मग परत येताना गौरवी त्याला सगळं करून दाखवायची. म्हणजे ती आधी दत्तबाब व्हायची, दोनदा खोकायची. मग रुद्रेश होऊन कानातलं पेन काढायची. मग ओठांवर बोट आडवं धरून मिशी करायची आणि ओठ मोठे मोठे हलवून मेव्हण्याची गोष्ट थोडक्यात सांगायची. फाटकापासून काचेच्या खोलीपर्यंत सगळी बैठक पुन्हा व्हायची, आणि तुषार तिथे हजर असायचा.

ज्या दिवशी गौरवी डॉक्टरकडे गेली होती त्या दिवशी मूठ डावीकडून उजवीकडे गेली. कुणी तुषारला सांगितलं नाही. त्याने डावीकडची काढली, साचा डावीकडचा झाला, आणि साचा नव्याने करावा लागला. दत्तबाब एकदाच खोकले आणि म्हणाले, "जावंदी रे. ताका खंय ऐकूंक येता." रागाने नाही, मायेने म्हणाले. आणि त्या वेळी ते नेमके तुषारच्या तोंडासमोर उभे होते.

दुसऱ्या दिवशी तुषारने गौरवीला फोन दाखवला. "तू पुढच्या महिन्यात रजेवर जाणार आहेस. त्याच दिवशी मीही नोकरी सोडणार आहे. पेडण्याच्या बाजारात माझ्या चुलतभावाचे बोर्ड रंगवण्याचे दुकान आहे. तिथे कोणाला काही ऐकावे लागत नाही. कृपया कोणाला सांगू नकोस."

गौरवीने वाचलं. मग तिने फोन घेतला आणि लिहिलं, "तुला बोर्ड रंगवायला आवडतात?"

"नाही," त्याने लिहिलं.

त्याच दुपारी ती दत्तबाबांच्या केबिनमध्ये गेली. चौघांचं काम ज्यात मांडता येईल, कोण काय करतंय, काय ठरलं, काय राहिलं, सगळं एका जागी दिसेल, असं एक सॉफ्टवेअर घेऊया म्हणाली. दत्तबाबांच्या घशात काहीतरी हललं. ती पटकन म्हणाली, "साचा पुन्हा चुकूंक नाका न्ही बाब." खोकला आतल्या आत गेला.

"पळय गो," दत्तबाब म्हणाले, "तूं रजेर वचचे पयलीं कितें तें थारावन दवर. मागीर माका ह्या भुरग्यांचें जमचें ना." म्हणजे रजेवर जायच्या आधी काय ते ठरव, मागून ह्या पोरांचं त्यांना जमणार नव्हतं.

मग बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. गौरवीने तीन सॉफ्टवेअर काढली आणि कंपन्यांना रीतसर बोलावलं, म्हणजे पडद्यावर. पहिल्यात इतके तक्ते, इतके रंग, इतक्या झालरी होत्या की सगुणकाकांनी त्याचं नाव ठेवलं मांडव. दुसरं ऐकणारं. फोन मध्ये ठेवून नुसतं बोलायचं, बोलणं संपलं की ते आपलं आपण सारांश लिहून देणार. त्याचं नाव पडलं पोपट. तिसरं अगदी साधं, पांढऱ्या पडद्यावर उभ्या रांगा आणि रांगांत चिठ्ठ्या. चिठ्ठी इकडून उचलायची, तिकडे ठेवायची. ती फळी.

पोपटवाल्या कंपनीची मनीषा पुण्याहून बोलत होती. आवाज असा की गूळ वितळावा. "तर मग सर, इथे तुमची सगळी टीम ना, एका पेजवर येते. आणि मग तुम्ही सगळे अलाइन्ड असता. आपण सगळे अलाइन्ड आहोत ना?"

"व्हय," सगळे म्हणाले.

"आणि हे फीचर तुम्हाला उपयोगी वाटतंय ना?"

"व्हय, व्हय."

तुषारने सगळ्यांकडे बघून अंगठा वर केला.

मांडवालाही सगळे व्हय म्हणाले होते. फळीलाही व्हय म्हणाले. तिन्ही कंपन्यांचे लोक खूष होऊन गेले, आणि गौरवीसमोर तीन होकार उरले.

"सगुणकाका, तुम्ही तिन्हींक व्हय म्हटलात," ती म्हणाली.

सगुणकाकांनी मिशीवरून बोट फिरवलं. "आमचो मेव्हणो एकदा लग्नाक चेडू बघूक गेल्लो. तीन घरां बघल्यान, तिनय घरी लाडू खाल्ल्यान, तिनय घरी व्हय म्हणान इलो. आता ती बाय पुण्यासून इतक्या गोडीन इचारता, तिका तोंडार नाय कशी म्हणतलंय गो? आपल्याकडे तशी पद्धत आसा?"

"मागीर मेव्हण्याचां काय झालां?"

"लगीन चवथीकडेच झालां," सगुणकाका म्हणाले.

शेवटी पोपट ठरला. सगळ्यांना आवडला, कारण काहीच बदलावं लागणार नव्हतं. गाड्यावर जायचं, भाजीच्या बशीशेजारी फोन ठेवायचा आणि नेहमीसारखं बोलायचं. गौरवीला तर तो सगळ्यांहून जास्त आवडला. बोललेलं आपोआप लिहिलं जाणार, आणि लिहिलेलं तुषार वाचणार. तिच्या खोकण्याची, पेनाची, मिशीची गरज उरणार नव्हती. तिने तुषारला समजावलं. त्याने अंगठा वर केला.

महिनाभर फुकट वापरून बघायची सोय होती. पोपटाचं काम चोख. रोज दुपारी तुषारच्या फोनवर सारांश यायचा, स्वच्छ पुस्तकी मराठीत: "आज पात्याच्या झाकणाबाबत चर्चा झाली. विविध मते मांडण्यात आली. सर्वांची सहमती आहे." तुषार वाचायचा आणि खाली अंगठा लावायचा. रोजचा अंगठा. गौरवी घरी जाऊन सासूला म्हणाली, बघा, एक काम मार्गी लागलं.

एक दिवस तिने त्याच्या टेबलाशी जाऊन सहज विचारलं, "झाकण पारदर्शक की काळं?"

तुषारने खांदे उडवले.

"काल ठरलं ना. तू अंगठा लावलायस."

त्याने लिहिलं, "अंगठा मी नेहमीच लावतो."

तिला कळलं नाही असं बघून तो पुन्हा लिहू लागला. ह्या वेळी बराच वेळ लिहीत राहिला, आणि ती त्याच्या बोटांकडे बघत उभी राहिली.

"आमच्या हळर्णात देवळासमोर गाऱ्हाणे घालतात. मी लहान असल्यापासून जातो. पुढे एक माणूस आमच्याकडे पाठ करून उभा असतो. तो काहीतरी सांगतो. मग सगळ्यांचे ओठ एकदम हलतात. व्हय म्हाराजा. ते दोन शब्द मला ओठांवरून चांगले ओळखता येतात. सगळ्यांचे हलले की मीही हलवतो. मधले तो माणूस काय मागतो ते मला माहीत नाही. पाठमोरा असतो ना. एकदा आईला विचारले होते. ती म्हणाली, चांगलेच मागतात, तू व्हय म्हण. म्हणून मी म्हणतो. इथेही तसेच आहे. तू हसू नकोस."

गौरवी हसत नव्हती. तिने काल दुपारचा सारांश उघडून पुन्हा वाचला. विविध मते मांडण्यात आली. दत्तबाबांचा खोकला कुठे गेला? सगुणकाका झाकणाबद्दल म्हणाले होते, "काळां नाका रे, आतमध्ये झुरळां बसली तरी दिसूची नाय, शिरा पडो," आणि त्यावर सगळे इतके हसले होते की गाडेवाल्याने भाजी सांडली. ती झुरळं कुठे होती ह्यात? सगळी बैठक पाठमोरी होती. बाकी उरला होता तो व्हय म्हाराजा, आणि तो तिने स्वतः निवडून, फुकटात का होईना, तुषारच्या हातात दिला होता.

रजेला आठवडा राहिला असताना तिने पोपट बंद केला. फळीत एक कळ होती, बाकी दोघांत नव्हती: ती दाबली की अंगठा, हसरा चेहरा, हार्ट, सगळं गायब. चिठ्ठी 'ठरवायचं आहे'मधून 'ठरलं'मध्ये न्यायची तर प्रत्येकाने तिच्याखाली निदान एक वाक्य स्वतः लिहायचं. नाही लिहिलं तर चिठ्ठी सरकत नाही. गौरवीने कळ दाबली आणि चौघांना सांगितलं, गाड्यावर वाटेल ते बोला, पण गाड्यावर ठरलेलं ते ठरलेलं नाही.

दत्तबाब दोनदा खोकले. "पोपट बरो आसलो गो."

"टेक्निकली," रुद्रेश म्हणाला, "फळीत एक साधा ग्राफही नाही."

"माजी बोटां बघलंस?" सगुणकाकांनी हात पुढे केला. "एक कळ दाबूक गेलंय तर तीन दाबली जातत. आणि माका तां छापील मराठी लिवूक येणा नाय."

"छापील नाकाच काका," गौरवी म्हणाली. "तुम्ही बोलतात तसांच लिवा. झुरळां म्हणजे झुरळां. आणि आजपासून मी तोंड उघडूचंय नाय. कोणाचां कोणाक सांगूचंय नाय. मी नसतंय तेव्हा कसां जाता तां माका आताच बघूक होया."

आणि तिने खरंच तोंड मिटलं. गौरवी शेट्ये गप्प बसलीय म्हटल्यावर कारखान्यातले लोक काचेतून बघून जायला लागले.

पहिला दिवस मयताच्या घरासारखा गेला. रुद्रेश समोरासमोर बसून सगुणकाकांना फळीवर लिहीत होता आणि सगुणकाका चष्मा कपाळावर ढकलून एकेक अक्षर शोधत होते. मुठीच्या चिठ्ठीखाली त्यांचं पहिलं वाक्य संध्याकाळी उमटलं: "मूठ जाड करा बायलांचो हात खोबऱ्यान बुळबुळीत आसता निसटता." त्याखाली रुद्रेश: "जाड म्हणजे किती? काका टेक्निकली सांगा ना." त्याखाली सगुणकाका: "केळ्याएवढी. वेलची न्हय रे. सालदाटी."

तुषार वाचत होता. गौरवी आपल्या खुर्चीतून त्याच्याकडे बघत होती. त्याने वर जाऊन ते पुन्हा वाचलं. मग फोन टेबलावर ठेवून तो एकटाच हसायला लागला, तोंडावर हात धरून, खांदे हलवत. काहीही झालं नव्हतं, मूठ केळ्याएवढी करायची होती. पण सगुणकाका बोलतात कसे हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं होतं. मिशी आड न येता.

मग त्याने लिहायला घेतलं. रेडिओवरच्या बातम्यांसारखंच, पण थांबेचना. मूठ केळ्याएवढी केली तर डबा मोठा होईल. डबा मोठा झाला तर दुकानातल्या फळीवर मावणार नाही. पात्याचं झाकण पारदर्शक असावे, झुरळांच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. रुद्रेश यांनी कानातील पेन एकदा धुवावे. इतकी वर्षं ह्या माणसाच्या पोटात एवढं बोलणं होतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. ग्राफ नाही म्हणून कुरकुरणाऱ्या रुद्रेशला आता चिठ्ठी उघडायची भीती वाटायला लागली.

आणि एक चिठ्ठी गौरवीची होती. नव्या यंत्राचा रंग. तिला तो कोकमी हवा होता, आंबटगोड लाल, आमसोलाच्या सारासारखा. डिचोलीत तिच्या माहेरच्या स्वयंपाकघराचा होता तसा. सगळ्यांनी बरा आहे म्हणून लिहिलं होतं. तुषारने लिहिलं, "मला हा रंग आवडला नाही. ओल्या खोबऱ्यापाशी तो रक्तासारखा दिसेल. आधी वाचीन, मग व्हय म्हणीन असे मी ठरवले आहे. वाचले. नाही."

तिला लागलं. खोटं कशाला बोला, चांगलंच लागलं. तिनेच त्याच्यासाठी एवढं केलं आणि पहिला नकार तिच्याच पदरात. ती उठून पाणी प्यायला गेली, पाणी पिऊन परत आली, तर तुषार उभा राहून कुणाला तरी करून दाखवत होता: एक पोट पुढे घेतलेली बाई, तोंड फुगवून पाणी पितेय. त्याने मागे वळून तिला बघितलं आणि हात खाली घेतले. गौरवी खुर्चीला हात लावून खाली बसली आणि चिठ्ठीखाली लिहिलं, "रक्ताचां खरां आसा. रंग तुजो तू सांग."

दत्तबाबही एव्हाना फळीवर "पळय रे" म्हणत लिहू लागले होते. गुरुवारी भलतंच झालं. फळीवर दत्तबाबांची चिठ्ठी आली: "पळय रे, उद्यां सगळ्यांक अर्दो दीस सुटी. माका खोकली जाल्या." सगुणकाकांनी खाली लिहिलं, "बरां झालां, माका मेव्हण्याकडे जावचां होतां." रुद्रेशने घरी फोनही केला. तेवढ्यात आधी पोट, मग चष्मा, मग दत्तबाब दारातून आत आले आणि त्यांनी विचारलं, ही सुट्टी कोणी दिली?

सगळ्यांनी चिठ्ठी नीट बघितली. दत्तबाबांचंच बोलणं, शब्द न शब्द. खोकल्यासकट. फक्त चिठ्ठी तुषारच्या नावावर होती.

दत्तबाबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत वाचलं. "हांव असो उलयतां?" मी असा बोलतो का, असं त्यांनी सगळ्यांना विचारलं.

"व्हय," सगळे म्हणाले, आणि ह्या वेळी मनापासून.

दत्तबाब तुषारसमोर जाऊन उभे राहिले. तोंड त्याच्याकडे केलं, ओठ सावकाश हलवले. "सुटी मेळची ना." मग जाता जाता दारात थांबून ते पुढे म्हणाले, पण पाठमोरे; ते गौरवीने ऐकलं, पण तुषारसाठी करून दाखवावं लागलं नाही, कारण थोड्या वेळाने दत्तबाबांनी आत जाऊन ते स्वतःच एका बोटाने फळीवर लिहिलं: "पूण फळी घेवंया."

तुषार मात्र बोर्डाच्या दुकानाबद्दल काही बोलत नव्हता. गौरवीने विचारलं नाही. दोनदा तोंडापर्यंत आलं, दोनदा गिळलं. होकार काढून घ्यायचा नाही, एवढं ह्या आठवड्यात ती शिकली होती.

शनिवारी तिचा शेवटचा दिवस. नव्या यंत्राचा पहिला नग, साच्याची वाट न बघता हाताने घडवलेला, तयार झाला होता, पांढरा, ओल्या खोबऱ्याचा पांढरा, कडेला बारीक हिरवी रेघ. रंग तुषारचा. मूठ सालदाटी केळ्याएवढी. जोडणीच्या खोलीत यंत्राला झेंडूचा हार घातला होता, समोर नारळ, उदबत्ती. सगळा कारखाना जमला. गाऱ्हाणं नेहमीसारखं सगुणकाकांकडे. ते यंत्राकडे तोंड करून, सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले, हात जोडले, आणि थांबले. खिशातून फोन काढला.

"थांबा," ते म्हणाले. "फळीर नाय तां ठरलेलां नाय, अशी गौरवीबायची आज्ञा आसा. मी पयलां लिवन ठेवलंय."

सगळ्यांचे फोन वाजले. तुषारचा खिशात थरथरला. त्याने काढून बघितलं. चिठ्ठीचं नाव: गाऱ्हाणां. रांग: ठरवायचं आहे.

"बा देवा म्हाराजा," सगुणकाकांनी सुरू केलं, एकेक ओळ फोनमध्ये बघून, "तुयेच्या राखणदारा, आज तुजी लेकरां हंय जमली आसत. नवां यंत्र चालू होता, तेका खंयची आडकाठी येवंक देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"पातां फिरता, तेच्यात कोणाचां बोट जावंक देव नको. घराघरातली बायलमाणसां उबी ऱ्हवान खोवतत, त्यांचे गुडघे सांबाळ."

"व्हय म्हाराजा."

"आमची गौरवी बाळंतपणाक जाता. तिची सुखरूप सुटका कर. आणि पोरासकट तिका परत ह्या खुर्चेर आणून बसय."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. गौरवीने नुसते हात जोडले. तिने तुषारकडे बघितलं. त्याचे ओठ हलत नव्हते. त्याची मान खाली होती, अंगठ्याने तो पडदा वर सरकवत होता, पहिल्या ओळीपासून, सावकाश. इतकी वर्षं हे मागत होते तर. बोट कापू नये. गुडघे दुखू नयेत. कुणी गेलं तर परत यावं.

मग तो लिहू लागला. सगळा कारखाना उदबत्तीच्या धुरात थांबून राहिला. सगुणकाकांच्या हातात फोन वाजला. त्यांनी बघितलं, चष्मा कपाळावर ढकलला, डोळ्यांजवळ धरून पुन्हा बघितलं, आणि मग देवाकडेच तोंड करून मोठ्याने वाचलं, कारण चिठ्ठीवर आलं म्हणजे ते गाऱ्हाण्यातच आलं:

"आणि सगुणकाकाची मिशी वायच बारीक कर रे म्हाराजा. म्हणजे फुडल्या वर्साक माका ओठ दिसतले."

हसू फुटलं ते खोलीच्या पत्र्यापर्यंत गेलं. दत्तबाब हसता हसता खोकले, आणि तो खोकला खरा होता. गौरवी तेवढी फोनमधली ओळ परत परत वाचत होती. फुडल्या वर्साक. पुस्तकी नाही, बातम्यांचं नाही. पुढच्या वर्षी गाऱ्हाण्याला तो इथे उभा असणार होता, त्याशिवाय मिशीचं त्याला काय पडलं होतं?

"व्हय म्हाराजा," सगुणकाका मिशीवर हात ठेवून म्हणाले. "व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, अर्ध्या श्वासाने मागून, एक आवाज आला. जाड, थोडा वर चढलेला, कडेला खरखरीत. कारखान्यात तो कुणी ऐकला नव्हता. तुषारने फोन खिशात घातला होता, मान वर केली होती.

"व्हय म्हाराजा."

संध्याकाळी सुर्ल्याला गौरवीने सासू-सासऱ्यांना बसवून सगळं गाऱ्हाणं करून दाखवलं. सगुणकाका झाली, दत्तबाब झाली, हसणारा पत्राही झाली. सासूला हसून हसून ठसका लागला. तुषारचा व्हय तेवढा तिला साधेना. आवाज जमला, खरखर जमली, पण ती दर वेळी लवकर म्हणत होती. शेवटी सासूच म्हणाली, "वायच थांब गो. तो वाचता आसा न्हय?"